सासऱ्यांना आधी अमळनेरचं विचार

काकू,
माझं वय ३३. माहेर जुन्या नाशकातलं, सासर सिडकोत. घरात सासू-सासरे, नवरा आणि पहिलीतला मुलगा. आठ वर्षं नाशकातल्याच एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, हातात ३८ हजार येतात. नवऱ्याचं अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात मशीनवरचं जॉबवर्क आहे, चार माणसं कामाला. महिन्याला सरासरी ५० हजार सुटतात, पण पेमेंट अडकलं की दोन-दोन महिने माझ्या पगारावर घर ढकलावं लागतं. मला पुण्यात हिंजवडीच्या एका कंपनीतून १४ लाखांची ऑफर आली आहे, म्हणजे महिना जवळजवळ १ लाख १६ हजार! सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. त्यांना सोडून जाणं जिवावर येतं. सासूबाई काही बोलत नाहीत, पण मला त्यांचा चेहरा दिसतो. नवरा म्हणतो, तू ठरव, माझी हरकत नाही. भाऊ म्हणतो, सिडकोचं घर विका, पुण्यात फ्लॅट घ्या, सगळेच चला. मैत्रीण म्हणते, कुंभ होऊ दे, नाशिक बदलणार आहे, थांब. सासरे १९८४ साली अमळनेरहून सातपूरच्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. ते म्हणतात, आपलं माणूस आपल्या गावात बरं. मलाही नाशिक सोडवत नाही. गोदाघाट, रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद), आपली माणसं. पण इथे आठ वर्षं तेच काम करतेय. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. जाऊ की नको?
– सिडकोतली एक सून

तू मला काकू म्हटलंस, म्हणून मी तुला अगं-तुगं करते. चालवून घे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. बँकेत चौतीस वर्षं कर्जाचे अर्ज वाचले, ती खोड जात नाही. माणूस अर्जात काय लिहितो त्याहून कशाला किती जागा देतो ते बघायचं, असं आमचे एक साहेब सांगायचे. मूळ पत्रात तू सासू-सासऱ्यांवर दीड पान लिहिलं आहेस (इथे छापताना ते कापावं लागलं), नाशिकवर अर्धं पान, भावाच्या बोलण्यावर चार ओळी. आणि स्वतःच्या कामावर एक ओळ. ती पण पत्र संपता संपता, ‘पण’ लावून, जणू कुणी ऐकू नये अशी. मी त्या ओळीखाली रेघ मारून ठेवली आहे. तिच्याकडे येतेच. त्याआधी तुझा आकडा दुरुस्त करायला हवा, कारण चुकीच्या आकड्यावर बरोबर निर्णय होत नाही.

१४ लाखाला १२ ने भागून तू उद्गारचिन्ह टाकलंस. तू सोबत ऑफरचा जो तपशील पाठवलास, त्यात १ लाख ४० हजार ‘व्हेरिएबल’ आहेत. ते वर्षाच्या शेवटी, कंपनीचं आणि तुझं बरं चाललं तर. कंपनीने भरायचा पीएफ ८४ हजार, तोही त्याच १४ लाखांत धरलाय. ग्रॅच्युइटी सुमारे ३४ हजार, जी पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सहसा हाती लागत नाही. हे सगळं वजा केलं की ११ लाख ४२ हजार उरतात. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ आणखी ८४ हजार जाणार. आयकराची मात्र काळजी नको, नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही, तेव्हा तुझ्या ठरलेल्या पगारावर तो बसणार नाही. तर महिन्याला हातात येणार साधारण ८८ हजार.

आता गंमत बघ. आज तुझे ३८ आणि नवऱ्याचे ५० मिळून किती होतात? ८८ हजारच. तेही घरभाडं न देता. सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला नेलंस आणि नवऱ्याचं काम बंद पडलं, तर तेच ८८ येणार, आणि तूच लिहिलेल्या घराचं २८ हजार भाडं त्यातून जाणार. वर शाळेची फी, डिपॉझिट, कामाची बाई. म्हणजे भावाने सांगितलेल्या ‘सगळेच चला’ या वाटेने गेलात तर पुण्यात जाऊन तुम्ही आजच्यापेक्षा गरीब व्हाल. भावाचं वाईट इतकंच की तो प्रेमाने बोलतोय, हिशेब न करता.

घर विकायच्या गोष्टीवर मी फार लिहीत नाही. विकू नका. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला सुमारे ५२ हजार हप्ता बसतो. असा हप्ता डोक्यावर असलेला माणूस नोकरी आवडली नाही तरी सोडू शकत नाही, आणि गाव आठवलं तरी परतू शकत नाही. माझ्या टेबलासमोर बसून रडलेली जी माणसं मला आठवतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी नव्या शहरात पाय ठेवल्याच्या पहिल्या वर्षात फ्लॅट बुक केलेला असायचा. निदान तीन वर्षं पुण्यात कुठल्याही बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट बघायला जाऊ नकोस. ते संध्याकाळी फार छान दिवे लावून ठेवतात.

आता तुझा नवरा. ‘तू ठरव, माझी हरकत नाही.’ किती समजूतदार वाटतं ना? मला या वाक्याची धास्ती आहे. उद्या काही बिनसलं की ‘तुझाच निर्णय होता’ हे याच वाक्याचं दुसरं टोक असतं. तो तसा म्हणेल असं नाही, पण तू स्वतःला नक्की म्हणशील. त्याला हरकत आहे की नाही हे विचारूच नकोस. त्याला त्याचे आकडे विचार. एकूण कामातलं किती काम एकाच पार्टीकडून येतं? मशीनवरचं कर्ज किती उरलंय? गाळ्याचा करार कधी संपतो? चौघांतले किती जण त्याच्यावाचून दिवस काढू शकतात?

वर्कशॉप पुण्याला हलवू, असं तू पत्रात कंसात लिहिलं आहेस. भोसरी, तळवड्याला अशी वर्कशॉपं पुष्कळ आहेत हे खरं. पण कर्जाचं मशीन बँकेकडे नजरगहाण असतं, ते बँकेच्या परवानगीशिवाय जागचं हलवता येत नाही. आणि ती परवानगी मिळाली तरी मशीन ट्रेलरवर चढतं, ऑर्डर चढत नाही. अंबडमध्ये रात्री आठला फोन करून ‘उद्या सकाळी शंभर नग पाहिजेत’ म्हणणारी पार्टी त्याने दहा वर्षं वेळ पाळून कमावली आहे. भोसरीत त्याला पहिल्यापासून रांगेत उभं राहावं लागेल, आणि रांगेत पुढे भोसरीचीच माणसं असतील.

पण या सगळ्यात एक गोष्ट तुमच्या दोघांच्याही लक्षात आलेली दिसत नाही. पेमेंट अडकलं की तुझ्या पगारावर घर चालतं, असं तू तक्रारीच्या सुरात लिहिलंस. अगं, मग त्या वर्कशॉपचं खेळतं भांडवल तूच आहेस! नव्वद दिवसांनी पैसे देणाऱ्या पार्टीसमोर तो टिकून राहतो तो घरात एक तारखेला पक्का पगार येतो म्हणून. तो पगार वाढला तर वर्कशॉपला धोका कसा होईल? वर्कशॉपच्या पायाखाली आणखी एक वीट येईल. हे त्याला याच शब्दांत सांग. ‘तू ठरव’ म्हणणाऱ्याला आपण या गोष्टीत कुठे आहोत ते दिसलं, की तोही ठरवायला बसतो.

मैत्रिणीच्या कुंभाचं दोन वाक्यांत. १९९१, २००३, २०१५, तीन सिंहस्थ मी शहाणी झाल्यावर पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी ‘आता नाशिक बदलणार’ ऐकलंय. रस्ते रुंद होतात, पूल होतात, घाट चकचकीत होतात, ते खरंच होतं. २०२६-२७ लाही होईल. पण साधूंच्या शाहीस्नानाने टेस्टिंग करणाऱ्या बाईला चांगलं काम कसं मिळतं, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. ‘नाशकात आयटी येणार’ हे मी नोकरीत असल्यापासून ऐकतेय. मी निवृत्त झाले. येईलही. तुझं वय तोवर थांबणार नाही.

आता ती रेघ मारलेली ओळ.

माझा एक भाचा तुझ्याच क्षेत्रात आहे. नाव-गाव न सांगता त्याला तुझं काम वाचून दाखवलं. तो म्हणाला, मावशी, आठ वर्षं नुसतं मॅन्युअल टेस्टिंग करणाऱ्यांना दिवसेंदिवस अवघड जाणार आहे, ऑटोमेशन आणि एपीआय टेस्टिंग हाताखालून गेलं पाहिजे, आणि ते क्लासला जाऊन कमी आणि मोठ्या प्रोजेक्टवर काम करून जास्त येतं. मला त्यातलं निम्मंच कळलं. पण एवढं कळलं की तुला आलेली ऑफर म्हणजे पगारवाढ कमी आणि शिकायची उरलेली संधी जास्त आहे. ३३ व्या वर्षी ती आली. ४० व्या वर्षी येईलच असं नाही, आणि सध्याच्या कंपनीला काही झालं तर ३८ हजारही राहतील असं नाही. नाशिकमध्ये राहणं म्हणजे सुरक्षित राहणं, असं तू पत्रभर धरून चाललीस. तसं ते नाहीये.

पण तू जात नाहीयेस ती या कारणांनी नाहीच, हे मला ठाऊक आहे. तू अडली आहेस ती सासूबाईंच्या चेहऱ्यापाशी. म्हणून माझी एक गोष्ट सांगते. फार कुणाला सांगितलेली नाही.

१९९१ साल, सिंहस्थाचंच. मी क्लार्क होते, ऑफिसरची परीक्षा पास झाले आणि प्रमोशनबरोबर मुंबईची बदली आली. त्या काळात प्रमोशन म्हणजे बदली हे ठरलेलंच, म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणी परीक्षेलाच बसत नसत. मी बसले, पास झाले, आणि नकार लिहून दिला. कारण लिहिलं, ‘सासूबाईंची प्रकृती’. प्रकृती खरंच नाजूक होती, खोटं नव्हतं. माझ्याबरोबर पास झालेल्या एकाने बदली घेतली आणि घर इथेच ठेवून पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढला. सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोड, रात्री दहाला घरी. पासधारकांच्या डब्यात त्याचे वाढदिवस साजरे झाले, त्याच डब्यात त्याचे केस पांढरे झाले. त्याच्याकडे बघून मी माझी समजूत घालायचे की बरं झालं, आपण वाचलो.

मग २०१२ चा उन्हाळा. गच्चीवर कुरडया घालत होतो. कुणाच्या तरी सुनेची बदली झाल्याचा विषय निघाला. मी म्हटलं, मी नाही का तुमच्यासाठी सोडली मुंबई. सासूबाई सोऱ्या फिरवता फिरवता म्हणाल्या, ‘मला कुणी विचारलंच कुठे? दादरला माझी बहीण होती की. मी आले असते.’ आणि त्यांनी पुढची कुरडई घातली. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. एकवीस वर्षं मी माझी भीती त्यांच्या नावावर जमा करत आले होते आणि त्या खात्याची त्यांना खबरही नव्हती.

तू लिहितेस, ‘मला त्यांचा चेहरा दिसतो.’ चेहरा नको वाचूस, आपण चेहऱ्यात आपलंच काहीतरी वाचतो. त्यांच्यासमोर बसून विचार. ‘मी जाऊ का’ असं मात्र विचारू नकोस, त्याला सासूने काय उत्तर द्यायचं? हो म्हटलं तर सुनेला हाकललं, नाही म्हटलं तर अडवलं. असं विचार की मी सोमवार ते गुरुवार घरात नसेन तर तुम्हाला कशाकशाची अडचण होईल. बघ, उत्तरं निघतील. गॅस सिलिंडर कोण उतरवून घेईल, नातवाचा गृहपाठ, बँकेचं काम, रात्रीची भीती. अडचणीला नाव मिळालं की निम्म्या अडचणींना उत्तर सापडतं. सापडत नाहीत त्याच खऱ्या.

आणि सासऱ्यांच्या गोळ्या. डबा कोण भरतं? मला खात्री आहे, तूच. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने चुकवायच्या किंवा बंद करायच्या नसतात, तेव्हा हे काम कुणाकडे तरी नीट गेलं पाहिजे. अंबडहून सिडकोत यायला त्यांच्या मुलाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. जायच्या आधी महिनाभर तो डबा नवऱ्याला भरू दे. तू फक्त बघायचं. फाइलमध्ये कुठला रिपोर्ट कुठे आहे, डॉक्टरांची पुढची तारीख कधी, तेही. त्याला जमणार नाही असं वाटत असेल तर, अगं, जो माणूस मायक्रोमीटरवर माप चुकू देत नाही, त्याला सकाळची आणि रात्रीची गोळी कळेल.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले ते. तुझ्या घरात गाव सोडण्यातला एक जाणकार बसलाय, आणि तू शहरभर सल्ले विचारत फिरतेस.

सासरे १९८४ साली अमळनेर सोडून आले. ‘आपलं माणूस आपल्या गावात बरं’ हे वाक्य ज्या घरात बसून ते म्हणतात, ते घर त्यांनी गाव सोडलं म्हणून उभं आहे. सिडको म्हणजे तरी काय? सातपूर-अंबडचे कारखाने भरत गेले तशी धुळं, जळगाव, नंदुरबारहून माणसं येत गेली, आणि आज श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथल्या गल्ल्यागल्ल्यांत खानदेशाची देवी कानबाई बसते. तुमच्याकडेही तिच्या नैवेद्याचे रोट होत असणारच. ती कानबाई खानदेशातून याच माणसांबरोबर आली. तू ज्याला ‘माझं गाव’ म्हणून कवटाळतेस, ते तुझ्या सासऱ्यांच्या आईच्या लेखी ‘तिकडं लांब, नाशिकला’ होतं. बोरी नदीच्या काठी बसून तिनेही कुणाच्या तरी चेहऱ्याकडे पाहिलं असेल.

तर त्यांना विचार. संध्याकाळी पाय मोकळे करायला जात असतील तर बरोबर जा, घरात सगळ्यांसमोर ही बोलणी होत नाहीत. आले तेव्हा पहिली खोली कुठे होती, कितीजण राहत होते, सासूबाईंना किती महिन्यांनी आणलं? घरी पैसे कसे पाठवायचे? आई-वडिलांकडे कोण होतं? वडील गेले तेव्हा पोचता आलं का? शेताचा वाटा भावाकडे सोडला तो कुठल्या बोलीवर? आणि शेवटी हे, की परत १९८४ साल आलं तर काय वेगळं कराल?

मी उत्तर आधीच ठरवून तुला पाठवत नाहीये. कदाचित ते म्हणतील, यायलाच नको होतं. चाळीस वर्षांनीही काहींच्या मनात ते असतं, आणि तसं असेल तर ते ऐकून घे, वाद घालू नकोस. त्यात तुला उपयोगी पडेल असं काहीतरी असेल, जसं की कुठली गोष्ट राहून गेली म्हणून रुखरुख आहे. पण ‘आपल्या गावात बरं’ हे तयार वाक्य आहे. त्याच्या मागे एक माणूस पत्र्याची ट्रंक घेऊन उतरलेला आहे, त्याच्याशी बोल.

माझं मत विचारलंस, म्हणून देते. जा. पण बिऱ्हाड हलवू नकोस, तू जा. मे महिन्यापर्यंत राहून बघ. शाळा इथे जूनमध्ये सुरू होते, तेव्हा मुलाचं पहिलीचं वर्ष इथेच पुरं होईल आणि पुढचं काय ते मेमध्ये, उन्हाळ्याच्या सुट्टीत, सगळ्यांनी बसून ठरवता येईल. पीजीत किंवा दोघी-तिघींत एक घर घेऊन राहा. १२ हजारांत बसेल असं काही बघ, जेवण आणि दर आठवड्याचं येणं-जाणं धरून आणखी ८-९ हजार. म्हणजे २०-२१ हजार खर्च जाऊन ६७ हजार उरतात, आजच्या ३८ च्या जागी. नवऱ्याचे ५० जागेवर, घर जागेवर, सासऱ्यांचे डॉक्टर जागेवर. नाही जमलं तर जूनमध्ये परत ये. फ्लॅटचा हप्ता नसेल तर परत यायला फक्त एसटीचं तिकीट लागतं.

शुक्रवारच्या आत कंपनीला दोन गोष्टी विचार. उत्तराला आठ दिवस वाढवून मिळतील का, हे पहिलं. संकोच करू नकोस, १४ लाख देणाऱ्यांना आठ दिवसांची घाई नसते. दुसरं, ऑफिसला आठवड्यातून किती दिवस यावं लागेल. पत्रावर ‘हायब्रिड’ लिहिलंय, पण तो शब्द दिवसांच्या आकड्यासकट ईमेलवर घे. तोंडी नको. तीन दिवस असतील तर मंगळवारी पहाटे निघून गुरुवारी रात्री घरी येता येतं. पाच दिवस असतील तर हे सगळं गणित पुन्हा मांडावं लागेल आणि माझं ‘जा’ जरा हळू आवाजात होईल.

कारण तो रस्ता. सुमारे २१० किलोमीटर, सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर इथवर झोप काढता येते, मग चाकणला कोंडीत जाग येते. पाच तास धर, सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा तास. मुंबईसारखी पंचवटी इथे नाही. नाशिकहून पुण्याला रेल्वेने जायचं तर मनमाड-दौंडवरून किंवा कल्याणवरून वळसा, आणि थेट वेगवान रेल्वेचं आपण इतकी वर्षं ऐकतोय की ती आली तरी पहिले काही दिवस विश्वास बसणार नाही. दर आठवड्याला हा प्रवास शरीराला लागतो. पाठीची उशी घे, आणि रविवारी रात्रीची गाडी टाळून सोमवारी पहाटेची धर, म्हणजे मुलाला रविवारची झोप तुझ्या कुशीत मिळेल. पुण्यात शिरताना नाशिक फाटा लागतो. पहिल्या महिन्यात तो बोर्ड वाचून तुला रडू येईल, हे आधीच सांगून ठेवते.

मुलाचं म्हणशील तर सहा वर्षांचं मूल आईवाचून चार दिवस राहतं, आजी-आजोबा आणि बाप घरात असतील तर नीट राहतं. त्याला कॅलेंडरवर खुणा करून दे, आई कुठल्या वाराला जाणार, कुठल्या वाराला येणार. आणि येणार म्हटलेल्या वारी ये. एखाद्या आठवड्यात जमणार नसेल तर त्याला तू स्वतः सांग, बापाकरवी नको.

गल्लीतलं बोलणं मात्र तुला ऐकावं लागेल. शेजारचा दुबईला गेला तर ‘पोराने नाव काढलं’ म्हणतात, आणि बाई पुण्याला गेली तर ‘लेकराला टाकून’ म्हणतात. याच्यावर माझ्याकडे उपाय नाही, मला तो सापडला असता तर १९९१ मध्ये वापरला असता. सासूबाई तुझ्या बाजूने असल्या तर ते बोलणं दारातच थांबतं, इतकं मात्र मी पाहिलंय. त्यांना विचारण्यात हाही एक स्वार्थ आहे.

नोकरी सोडताना सध्याच्या कंपनीकडून ग्रॅच्युइटी मागायला विसरू नकोस. तुझी आठ वर्षं झालीत, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तो तुझा हक्क आहे, उपकार नव्हे. शेवटचं मूळ वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ वेतन २० हजार असेल तर सुमारे ९२ हजार होतात. पुण्यातलं डिपॉझिट आणि पहिले दोन महिने त्यातून निघतील, घरातल्या पैशाला हात लावावा लागणार नाही. पीएफ काढू नकोस, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या तुझ्या कायमच्या नंबरवर, नव्या कंपनीत वळवून घे.

रहाडीचं तू लिहिलंस. रंगपंचमीला रजा टाकून ये. नव्या कंपनीत पहिल्या दिवशीच सुट्ट्यांच्या यादीत ती तारीख बघून ठेव, पुण्यातल्यांना आपली रहाड समजावून सांगण्यात वेळ घालवू नकोस.

– काकू

ता. क. कंपनीच्या आरोग्य विम्यात आई-वडील येतात की सासू-सासरे, तेही त्याच ईमेलमध्ये विचार. काही ठिकाणी दोन्हींपैकी एकच जोडी घेतात, आणि एकदा नावं दिली की बदलू देत नाहीत. तसं असेल तर सासऱ्यांचा स्टेंट आणि तुझ्या आई-वडिलांची तब्येत यांचा विचार करून नावं दे, आणि ते माहेरी तू स्वतः सांग.